मानधनवाल्यांना ग्रॅच्युइटी मिळते का?

प्रश्न: स्वयंसेवी संस्थेत आहे, धारणी तालुक्यात 14 गावं, पद समन्वयक. नेमणूकपत्र दरवेळी 11 महिन्यांचं, मधे एका दिवसाचा खंड, कागदावर शब्द ‘मानधन’. सहा वर्षं झाली. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) बसते? आणि ‘विदेशी निधीच्या नियमामुळे पगार वाढत नाही’ हे खरं का?

उत्तर 1: भाऊ, ‘मानधन’ लिहिल्यानं नातं बदलत नाही. हजेरी, रजेची मंजुरी, साहेबांचे आदेश असले की तो नोकरच. वर्षात 240 दिवस भरले तर वर्ष सलग धरतात, म्हणून तो एका दिवसाचा खंड बहुधा टिकत नाही. संस्थेत 10 माणसं मात्र हवीत. हिशोब: शेवटचा पगार (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) × 15 ÷ 26 × वर्षं. 13,000 वर सहा वर्षांचे 45,000.

उत्तर 2: नियम खरा, कारण अर्धवट. 2020 मध्ये विदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. पण थेट कार्यक्रमासाठी राबणाऱ्याचा पगार कार्यक्रम खर्चात दाखवता येतो. कात्री लागते ती प्रस्तावाच्या बजेटात, अन् ते लिहिताना गावात फिरणाऱ्याला विचारतं कोण? पेट्रोलभत्त्याचंही तसंच: दर ठरवताना टायर-सर्व्हिसिंग कुणी धरत नाही.

उत्तर 3: ताई असो की भाऊ, राजीनाम्याआधी सगळी नेमणूकपत्रं, पासबुक, हजेरीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे आदेश यांचे फोटो काढून ठेवा. ऑफिसचा ईमेल सगळ्यात आधी बंद होतो.