कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लावल्यापासून टँकचा पीएच ७.८ च्या वर जातच नाही, काय करू?

तळघरातला_रीफ
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत असतो. बेसमेंटमध्ये १२० गॅलनचा म्हणजे साधारण ४५० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या कोरलचा) आहे, जास्त करून अ‍ॅक्रोपोरा आणि दोन-तीन मोंटीपोरा, दोन्ही दगडी कोरल. आधी टू पार्ट (कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची दोन द्रावणं) घालायचो पण बाटल्या भरून भरून कंटाळा आला म्हणून सप्टेंबरमध्ये कॅल्शियम रिअ‍ॅक्टर घेतला, म्हणजे सीओटू सोडून चेंबरमधला कॅल्शियमचा मीडिया (खडे) विरघळवणारं यंत्र. कंट्रोलरवर चेंबरचा पीएच ६.६ ठेवला होता, एफ्लुएंटचं (रिअ‍ॅक्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचं) अल्क म्हणजे अल्कलिनिटी २८ डीकेएच (अल्कचं एकक), टँकचं अल्क ८.५, कॅल्शियम ४३० पीपीएम, सगळं मस्त चाललं होतं. पण दिवाळीनंतर टँकचा पीएच सकाळी ७.७, संध्याकाळी लाइट जायच्या आधी फार तर ७.८५. मला वाटलं रिअ‍ॅक्टरचाच सीओटू टँकमध्ये येतोय म्हणून चेंबरचा सेट पॉइंट ६.९ केला, तर पीएच जेमतेम ०.०५ ने वाढला आणि अल्क तीन दिवसांत ८.५ वरून ७ वर आलं!! एका अ‍ॅक्रोची टोकं पांढरट दिसायला लागलीयेत. रिअ‍ॅक्टर काढून परत बाटल्यांवर जाऊ का? बायको म्हणते तू माशांपेक्षा मीटरकडे जास्त बघतोस.

पुणेरी_शेवाळ
माझा प्लांटेड टँक (पाणवनस्पतींचा) आहे त्यामुळे कोरलमधलं फार कळत नाही (इथे तसंही दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, नादच नको) पण सीओटू सिलिंडरशी रोजची झटापट आहे म्हणून विचारतो, रेग्युलेटर सिंगल स्टेज (दाब एकाच टप्प्यात कमी करणारा) आहे का? सिलिंडर संपत आला की साधे रेग्युलेटर एकदम जास्त गॅस सोडतात, माझी अख्खी कोळंबी एका रात्रीत गेली होती तशी. आणि पीएच वाढवायला बाजारात बफर पावडर मिळते ना, ती टाकून बघ की.

खारट_काका
@पुणेरी_शेवाळ रेग्युलेटरचा मुद्दा बरोबर, बफरचा नाही. त्या पावडरी बहुतेक बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या, अल्क चढतं, पीएच तासभर वर जातो आणि पाण्यात सीओटू जास्त असेल तर परत जिथल्या तिथे. मग माणूस दुसऱ्या दिवशी परत टाकतो आणि अल्क १२ ला जाऊन बसतं.

@तळघरातला_रीफ भाऊ, आधी तो सेट पॉइंट परत ६.६ वर आण, पण अल्क एका दिवसात वर खेचू नकोस, रोज अर्धा डीकेएच पुरे. चेंबरचा पीएच हे मीडिया विरघळवायचं बटण आहे, टँकचा पीएच सुधारायचं नाही. आता हिशोब बघ. टँक रोज १.४ डीकेएच खातो असं धरू. ४५० गुणिले १.४ म्हणजे ६३०. एफ्लुएंट तुझं २८, सोपं जावं म्हणून २८.५ धरू, आणि टँक ८.५, फरक २०, म्हणजे दिवसाला साडेएकतीस लिटर पाणी रिअ‍ॅक्टरमधून जायला हवं, मिनिटाला २२ मिली. तू ६.९ केलंस तेव्हा एफ्लुएंट २० च्या आसपास आलं असणार, फ्लो तेवढाच, म्हणजे रोजचा पुरवठा १.४ वरून ०.८५ वर आला. तीन दिवसांत दीड डीकेएच गेलं ते असं. उलट ६.५ च्या खालीही जाऊ नकोस, मीडियाचा चिखल होतो आणि पाइप तुंबतो, मी दोनदा चमच्याने खरवडून काढलाय.

आणि प्रोब (पीएच मोजणारी कांडी) कॅलिब्रेट कधी केला होतास? रिअ‍ॅक्टरच्या प्रोबला ७ आणि ४ चं द्रावण लागतं, टँकच्या प्रोबला ७ आणि १०.

टोरांटोकर_ताई
काकांनी रिअ‍ॅक्टरचं सांगितलंच, मी घराचं विचारते. दिवाळीनंतर पडला म्हणतोस, म्हणजे थंडी सुरू झाली आणि खिडक्या बंद झाल्या, बरोबर? घरात माणसं किती? गॅसची शेगडी आहे का? बाहेरच्या हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या वर थोडा, पण बंद घरात हजार-दीड हजार सहज होतो, आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसभर तीच हवा पाण्यात घुसळत बसतो. हवेतला सीओटू दुप्पट झाला तर अल्क तेवढंच असूनही पीएच साधारण ०.२ ते ०.३ ने खाली येतो. आमच्याकडे दर हिवाळ्यात हेच. रिअ‍ॅक्टर थोडी भर घालतो हे खरं, पण सगळं पाप त्याच्या माथी मारू नकोस.

एक सोपी टेस्ट कर. दोन ग्लास टँकचं पाणी घे, एकात घरातल्या हवेत तासभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालव, दुसऱ्यात पोर्चवर नेऊन. घरातल्या ग्लासचा पीएच टँकच्या पुढे फार सरकला नाही आणि बाहेरचा वर गेला तर घरातली हवा दोषी. घरातल्या हवेतही चांगला वर गेला तर टँकमधून सीओटू नीट बाहेर पडत नाहीये, मग रिअ‍ॅक्टरकडे बघ.

तळघरातला_रीफ
ताई नमस्कार घ्या 🙏 ऑक्टोबर अखेरीस आई-बाबा साताऱ्याहून आलेत सहा महिन्यांसाठी, म्हणजे आता घरात सहा माणसं, आणि आईला इंडक्शनवर भाकरी पटत नाही म्हणून गॅस दिवसभर चालू, वर खिडकी उघडली की बाबा मफलर घेऊन येतात. टेस्ट केली. सुरुवातीला ७.७८, घरातल्या ग्लासचा ७.८२, पोर्चवरच्याचा ८.१६!! (थंड झालं होतं म्हणून आत आणून पाणी कोमट झाल्यावर मोजलं.) प्रोब मात्र जुलैनंतर कॅलिब्रेट केलाच नव्हता, चेंबरचा ०.१ ने चुकत होता.

टोरांटोकर_ताई
मग झालं की. स्किमरच्या हवेच्या नळीला लांब नळी जोडून बेसमेंटच्या खिडकीतून बाहेर काढ. नळी जरा जाड घे, लांब आणि बारीक असली तर हवा कमी ओढतो. ते जमत नसेल तर सोडा लाइमचा स्क्रबर (हवेतला सीओटू शोषून घेणारा), पण मीडिया जांभळा पडला की बदलावा लागतो आणि हिवाळाभर तो खर्च बोचतो. शेजारी लॉनवर औषध मारणार असतील त्या दिवशी मात्र नळी आत घे.

खारट_काका
रिअ‍ॅक्टरच्या बाजूनेही थोडं करता येईल. एफ्लुएंट सम्पमध्ये (टँकखालच्या टाकीत) बुडवू नकोस, वरून थेंब थेंब पडू दे, स्किमरच्या शेजारी, म्हणजे सीओटू तिथेच उडतो. दुसरा छोटा चेंबर मीडिया भरून मागे लावलास तर उरलेला सीओटू त्यात खर्च होतो. आणि रात्री पीएच सगळ्यात खाली जातो तेव्हा उडालेल्या पाण्याची भरपाई चुन्याच्या निवळीने करायची, आपली कॅल्कवासर हो, ती पाण्यातला सीओटू खाऊन त्याचंच बायकार्बोनेट करते. फक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, जोरात प्रवाह आहे तिथे अगदी सावकाश सोड, आणि तीसुद्धा अल्क देते म्हणून तेवढं रिअ‍ॅक्टरचं कमी कर. पानवाल्याचा चुना चालेल का असं विचारू नका, मला तीनदा विचारलंय लोकांनी, नाही चालत.

तळघरातला_रीफ
अपडेट. नळी बाहेर काढली, चौथ्या दिवशी संध्याकाळी ८.१२. अल्क हळूहळू ८ वर आणलं, सेट पॉइंट ६.६ वर, चुना अजून सुरू केला नाही. अ‍ॅक्रोची टोकं अजून पांढरीच आहेत पण पॉलिप बाहेर येतायत. मध्ये एक दिवस पीएच परत ७.८५, स्किमरमध्ये फेस नाही, आवाज वेगळाच, दोन तास मी पंप उघडून बसलो. शेवटी खिडकीशी गेलो तर नळीच्या तोंडात आईच्या जुन्या साडीचा बोळा. म्हणे गार वारा येत होता तिथून.