एका शब्दावरून कळतं, कोकणात कुठचे ते! तुमचा शब्द कुठचा?

पाखाडीवरून:

मंडळी, परवाची एक गोष्ट सांगतो आणि मग प्रश्न विचारतो. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, बारावीनंतर पुण्यात आलो तो इथलाच झालो, सोळा वर्षं झाली. परवा रात्री सोसायटीत गाडी आत घेतली आणि वॉचमनकाकांना तंद्रीत बोलून गेलो, "काका, बेडं लावून घ्या." ते बिहारचे, त्यांना काय कळणार, बघतच राहिले. पण मागून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी येत होत्या, त्या जागीच थांबल्या. "कोकणातला का रे तू?" मी म्हटलं, "हो, तुम्हाला कसां कळलां?" तर हसायलाच लागल्या. "आता जिल्हा पण कळला, रत्नागिरी. कळलां म्हणालास ना." त्यांचं माहेर दापोलीकडचं, लग्न होऊन पुण्यात आल्याला पन्नासेक वर्षं झालीत, एरवी बोलण्यात कुठेही कोकण लागत नाही आणि त्या रात्री मात्र लिफ्टपाशी उभ्या राहून अर्धा तास बोलल्या, मधेच "मी येत्ये हो उद्या चहाला" म्हणाल्या तेव्हा मला माझी आत्याच समोर दिसायला लागली.

ज्यांनी बेडं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घराच्या गडग्यात, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणात, जायला-यायला जागा ठेवलेली असते, तिथे दोन बाजूंना दोन खांब, खांबांना भोकं, आणि त्या भोकांतून आडवे बांबू सरकवायचे. गुरं आत येऊ नयेत म्हणून. लहानपणी वरचा बांबू मला पोचायचा नाही म्हणून मी खालच्या दोघांमधून वाकून जायचो आणि आजोबा ओरडायचे. आता तिथे लोखंडी गेट आहे पण घरात सगळे त्याला बेडंच म्हणतात.

तर प्रश्न असा की तुमचं गाव कुठच्या शब्दावरून पकडलं जातं? आणि नुसतं कोकण कळतं की तालुका पण कळतो? अमेरिकेत २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सनं एक क्विझ काढलेली, २५ प्रश्न, कुठल्या गोष्टीला काय म्हणता ते सांगा आणि ती नकाशावर तुमचा भाग दाखवते. आपल्या किनाऱ्याची अशी केली तर त्यात काय काय विचाराल? मला खरंच पाहिजे आहे, माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिच्या तोंडात यातलं काहीच नाही.

व्हाळाकाठचो:

बरां केलंस हो विषय काढलंस. मी कुडाळचो. सगळ्यांका कळूचा म्हणून पुढचा साध्या मराठीत लिहितंय.

आधी एक सांगतो, बाहेरच्या लोकांना कोकण म्हटलं की मालवणीच आठवते, नाटकं आणि सिरियलींमुळे असेल. ऑफिसात गुहागर-चिपळूणच्या पोरांना पण "मालवणी बोलून दाखव ना" सांगतात आणि ती बिचारी काहीतरी "खंय खंय" करतात. त्यांच्या घरात कोणी खंय म्हणत नाही! "आहे"ला त्यांच्याकडे "हाय", आमच्याकडे "आसा", राजापूरच्या आसपास दोन्ही कानावर पडतं.

तुझ्या क्विझसाठी माझा पहिला प्रश्न पाण्याचा. पावसाळ्यात घराजवळून वाहतो तो पऱ्या की व्हाळ? पऱ्या म्हणालास की रत्नागिरी, व्हाळ म्हणालास की आमच्याकडचो. दुसरा प्रश्न कोकमाचा. झाडावरचं लाल फळ रत्नागिरीत रातांबा, आमच्याकडे पण बरेच लोक रतांबोच म्हणतात, पण सावंतवाडी ओलांडून गोव्याच्या अंगाला गेलात की भिरंड ऐकू येतं. ते सुकवलं की तुमचं आमसूल आणि आमची सोलां, म्हणून तर सोलकढी. तिसरा मासळीबाजारातला, कोळंबी की सुंगटां? मुंबईत मी चुकून सुंगटां मागितली तर कोळीणबाईनं लगेच विचारलं, "मालवण की गोवा?" म्हणजे बघ, ज्या बायकांचा दिवसभर माणसांशी संबंध येतो त्यांना हे सगळं पाठ असतं.

आणि एक जे लपवताच येत नाही ते म्हणजे "येतलो". आमच्याकडे तो येतलो म्हणजे तो येणार. हॉस्टेलला माझा रूमपार्टनर सातारचा होता, मी घरी फोनवर बोलत होतो, "बापूस उद्या येतलो मां?" फोन ठेवल्यावर तो विचारतो, वडिलांसाठी काय घेतलंस? त्याला येतलोचं घेतलो ऐकू आलेलं. मग त्याला बसवून शिकवलं, जेवूक, बघूक, जातलो, येतलो. वर्षभरात आमच्या घरी आला तेव्हा माझ्या आवशीला, म्हणजे आईला, म्हणाला, "मी जेवूक बसतंय." तिका इतको आनंद झालो की तेच्या पानात दोन बांगडे जास्त पडले.

मिठागराच्या_बांधावर:

मी पेण तालुक्यातला, खारेपाटातला म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला, आगरी. वरच्या दोघांनी शब्दांचं लिहिलंय ते बरोबरच आहे पण आमचं गाव शब्दाच्या आधी कळतं, आवाजावरून. आमच्या तोंडात ड चा र होतो, गाडीची गारी, घोड्याचा घोरा, इकडे-तिकडे म्हणजे इकरं-तिकरं. ळ चा ल आणि ण चा न, डोळ्याचा डोला, पाण्याचं पानी. आणि प्रश्न विचारताना शेवटी कं, "जेवलास कं?" एवढं एक कं ऐकलं तरी पनवेल, उरण, पेण, अलिबागचा माणूस मान वळवतो.

हे मी आज आनंदानं लिहितोय पण शाळेत याचा फार त्रास झालेला. पाचवीत गावाबाहेरच्या शाळेत गेलो तेव्हा वाचनाच्या तासाला मी "गारी" वाचलं. पुस्तकात गाडी लिहिलेलं होतं, मला दिसत पण होतं, तोंडातून गारी आलं. गुरुजींनी फळ्यासमोर उभं केलं आणि वीस वेळा गाडी म्हणायला लावलं. मी प्रत्येक वेळी जीभ मागे वळवायचा प्रयत्न करायचो, चार-पाच वेळा जमलं की पुन्हा गारी, आणि वर्ग हसायचा. त्यानंतर वर्षभर मी वर्गात वाचायला हातच वर केला नाही. घरी आईला पण सांगितलं नाही कारण ती सुद्धा गारीच म्हणायची ना.

आता मी स्वतः शिक्षक आहे, प्राथमिकला. माझ्या वर्गात पोरगं गारी म्हणालं तर मी फळ्यावर दोन्ही लिहितो, "घरात गारी, पुस्तकात गाडी", आणि पोरांनाच विचारतो अजून असे कुठचे शब्द आहेत. दहा मिनिटांत फळा भरतो, पोरं घरी जाऊन आजीला विचारून येतात. परीक्षेत गाडीच लिहितात, काही अडत नाही. तेव्हा पाखाडीवाल्या भावा, तुझ्या क्विझमध्ये लिहिलेले पर्याय नको ठेवूस, ऐकायचे ठेव, लिहिताना आम्ही सगळे गाडीच लिहितो.

जुनी_वही:

छान चाललंय. मी बोलींवर थोडा अभ्यास केलेला, त्यातलं जमेल तेवढं सांगतो.

ब्रिटिश काळात ग्रियर्सन या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्याचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट एकेका बोलीत उतरवून घेतलीय. संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी, कोळी, चित्पावनी वेगवेगळ्या दिल्यात आणि आज आपण मालवणी म्हणतो तिला तिथे कुडाळी म्हटलंय (व्हाळाकाठच्यांना बरं वाटेल). एकच गोष्ट असल्यामुळे ओळीला ओळ लावून बघता येते, धाकटा मुलगा बापाला काय म्हणाला ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. हल्लीचं बघायचं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलंय, ते वेबसाइटवर सगळ्यांना बघता येतं, नकाशांसकट. मुलगा-मुलगीला कुठे काय म्हणतात तिथून सुरुवात करा, झील आणि चेडू नकाशावर नेमके कुठे येतात ते बघताना रात्र कधी सरली कळलं नाही मला.

लोक म्हणतात दर खाडीला भाषा बदलते. वरवर बघता खरं वाटतं, सावित्री ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी, वाघोटण ओलांडली की सिंधुदुर्ग, तेरेखोल ओलांडली की गोवा. पण सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, त्या दिवशी कोणाच्या तोंडातलं हाय जाऊन आसा आलं नाही. आणि खाडी तोडते तशी जोडते पण. पूल नव्हते तेव्हा होडीनं सगळा व्यवहार, त्यामुळे दोन काठांवरची मच्छिमारांची गावं बोलण्यात एकमेकांना जवळची असतात आणि तिथून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढून आत गेलात की बोलणं बदललेलं. रेवदंड्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लई आहे, तिथली ख्रिस्ती मंडळी घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली भाषा बोलतात, नो लिंग म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज चौलहून १७४० ला गेले, भाषा राहिली!

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे बोलीवरून नुसतं गाव कळत नाही, घर कळतं. एकाच गावात कुणब्यांचं, ब्राह्मणांचं, कोकणी मुसलमानांचं, मासेमारी करणाऱ्या खारव्यांचं बोलणं वेगळं, आणि ऐकणारा गाव ओळखता ओळखता जात पण ओळखतो. म्हणून कित्येक जण शहरात आल्यावर पहिल्यांदा बोली टाकतात. पेणच्या गुरुजींना जे भोगावं लागलं ते एका ड पुरतं नव्हतं. तेव्हा "तुम्ही कुठचे" हे विचारताना आवाजात काय आहे ते समोरच्याला लगेच कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं तसं विचारावं.

चाकरमान्याची_लेक:

मी जन्मापासून लालबागची, वडील देवगडचे, आई संगमेश्वरची. त्यामुळे मी कुठची हे मलाच कळत नाही. पण पुण्याला नोकरीला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की मी "तिकडची" आहे, कारण मी म्हणते "मी गेलेले", "तू जेवलेलीस का", "ती मला बोलली", आणि तिथे सगळे "मी गेले होते", "ती मला म्हणाली". बोलली आणि म्हणाली मध्ये एवढं काय असतं असं मला वाटायचं, पण एकीनं मला तीन वेळा दुरुस्त केलं. कुठचा-कुठला पण तसंच.

वडील मुंबईत आमच्याशी साध्या मराठीत बोलायचे. गणपतीला निघालो की पनवेल, पेण, माणगाव सगळं गप्प, कशेडी घाट उतरलो की आईशी चेष्टा सुरू, आणि खारेपाटण आलं की खिडकीतून डोकं बाहेर काढून, "इलो रे, गाव इलो!" तिथून पाच दिवस ते दुसरेच असायचे, मोठ्यानं बोलायचे, हसायचे पण जास्त. मी एकदा विचारलेलं, बाबा तुम्ही मुंबईत असं का नाही बोलत. म्हणाले, "थंय कोणाक सांगू?" गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या मोबाइलमध्ये काकांना पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत, सगळे मालवणीत, आंब्याला मोहोर किती आला, गडगो कोणी ढासळवलो, असलेच. ते मी जपून ठेवलेत. पाखाडीवरून, तुमचे बाबा आहेत ना? रेकॉर्ड करून ठेवा, क्विझ नंतर होईल.

पाखाडीवरून:

ताई, तुमचं वाचून लगेच घरी फोन लावला आणि बाबांच्या परवानगीनं रेकॉर्डिंग चालू केलं. मी म्हटलं, बाबा, घराभोवतीच्या सगळ्या वस्तूंची नावं सांगा. ते म्हणाले असां नाय आठवत, चालत चालत सांगतो. आणि खरंच फोन घेऊन निघाले, ओटी, पडवी, परसू, गडगा, खालची पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पऱ्यापर्यंत गेले. सव्वीस मिनिटं झालं. मधे पऱ्याचा आवाज पण आलाय. रविवारी मुलीला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना एकत्र बसवून ऐकवणार आहे, आजींनी स्वतःहून सांगितलंय की दापोलीकडे जे वेगळं म्हणतात ते मी मधे मधे सांगेन.

क्विझ करायची तर गुरुजी म्हणतात तशी ऐकायची करायची, हे पटलं. शब्द माणूस विसरतो, बेडंच गेलं तर बेडं म्हणणार कशाला, पण आजींचं येत्ये आणि माझं कळलां पुण्यात इतकी वर्षं काढून पण गेलं नाही.

आणि हो, आज संध्याकाळी गाडी आत घेतली तर वॉचमनकाका स्वतःहून म्हणाले, "साब, बेरा लगा दिये हैं."

मिठागराच्या_बांधावर:

बेरा!! त्यांच्याकडे पण ड चा र होतो, घोड्याला घोराच म्हणतात. काकांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं पेणला या एकदा, तुम्हाला कोणी वीस वेळा म्हणायला लावणार नाही.