जुन्या सान हुआनचे किल्ले: कुठून, कधी आणि कुठल्या वाटेने पाहायचे?

अमेरिकेतून लाँग वीकेंडला पोर्तो रिको गाठणारे आपल्यात बरेच आहेत. जाणकारांनी सान हुआनच्या किल्ल्यांबद्दल इथे लिहा. 'अप्रतिम जागा' एवढंच नको. उन्हाची दिशा, वाट, कुठे फसगत होते ते हवं.

● सुरुवात पश्चिम टोकाच्या एल मोर्रो किल्ल्यापासून नको, पूर्वेच्या सान क्रिस्तोबाल किल्ल्यापासून करा. वरच्या मजल्यावरून पश्चिमेला शहराचा तट, तटाबाहेरच्या ला पेर्ला वस्तीची रंगीत घरं आणि टोकाला एल मोर्रो असं सगळं एका नजरेत येतं. सकाळी ऊन पाठीवर असतं. दुपारनंतर तेच समोरून येतं आणि फोटोत एल मोर्रो नुसता काळा दिसतो. तिकीट दोन्ही किल्ल्यांना एकच, फेकू नका.

● गडप्रेमींनी सान क्रिस्तोबालला जास्त वेळ द्यावा. त्याचा रोख समुद्रापेक्षा जमिनीकडे आहे. १५९८ मध्ये इंग्रज दूर किनाऱ्यावर उतरून जमिनीवरून आले आणि स्पॅनिशांचा एल मोर्रो पडला. १६२५ मध्ये डच थेट बंदरात घुसले. एल मोर्रो तगला, शहर मात्र जळालं. त्यानंतर पूर्वेची बाजू पक्की करायला घेतली, ती १७८३ पर्यंत. बाहेरचा बुरुज शत्रूने घेतलाच, तर मागच्या उंच बुरुजावरून त्याच्यावर तोफा चालाव्यात अशी रचना. पाण्याची सोयही बघण्यासारखी: पावसाचं पाणी चौकातून खालच्या पाच टाक्यांत उतरतं. भुयारातल्या कोठडीत कैद्याने भिंतीवर काढलेली गलबतं आहेत, डोलकाठ्या आणि दोरांसकट. घाईत तीच राहून जातात.

● एल मोर्रोसमोरच्या मैदानात झाड नाही, कारण हल्लेखोराला आडोसा मिळू द्यायचा नव्हता. फाटकापासून चारेकशे मीटर उन्हात चालायचं, तेव्हा पाणी जवळ ठेवा. वारा भन्नाट, टोपीला बंद हवाच. आत सहा पातळ्या. खालच्या तोफांकडे जाणारा उतार ओला असला की पाय घसरतो. ड्रोनला बंदी.

● सूर्यास्त किल्ल्यातून बघू म्हणणारे हमखास फसतात; त्याआधीच दरवाजे बंद होतात. संध्याकाळी शहराच्या तटातल्या सान हुआन दरवाजातून बाहेर पडून तटाच्या पायथ्याची पाऊलवाट धरा. ती पश्चिमेला, त्यामुळे सकाळी तटाची सावली मिळते आणि मावळतीला दगड उजळतो. पण वाट पुढे बंद आहे. तिथून एल मोर्रोत चढता येत नाही, आल्या पावली परतायचं.

● वरच्यात भर: या पाऊलवाटेवरून खाडीच्या पलीकडच्या काठावर एल कान्युएलो नावाची गढी दिसते. बंदराच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी मारा व्हावा म्हणून ती.

● गल्ल्यांतल्या निळसर विटा लोखंडाच्या भट्टीतल्या धातुमळीच्या आहेत, पावसात साबणासारख्या. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. आणि खाडीपलीकडच्या कातान्यो गावाची फेरी बोट चुकवू नका. जाताना बोटीच्या मागच्या भागात, बोट जाते त्या दिशेच्या उजवीकडे उभं राहा, तट आणि खाडीचं तोंड तिथूनच दिसतं.