मदत हवी आहे : तालुकानिहाय मृत्युदरांच्या तुलनेसाठी प्रमाणीकरणाची कोणती पद्धत वापरावी?

नमस्कार. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सिंधुदुर्ग आणि ठाणे या जिल्ह्यांच्या मृत्युदरांची, वयरचनेतला फरक वगळून (म्हणजे प्रमाणीकरण करून), तुलना करत आहे. ढोबळ मृत्युदरावर (वयरचना न पाहता दर हजार लोकांमागे वर्षभरातले मृत्यू) विसंबता येत नाही, हे मला ठाऊक आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (जन्म-मृत्यूंचे दर काढणारी सरकारी नमुना पाहणी) २०२० मध्ये केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७.० होता आणि बिहारचा ५.४, अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे) मात्र केरळात ६ आणि बिहारमध्ये २७. ज्या राज्यात वृद्ध जास्त, तिथला ढोबळ दर चढा दिसणारच. आमच्या कोकणातही चाकरमानी मुंबई-ठाण्यात आणि म्हातारे आईवडील गावच्या घरात, अशीच स्थिती आहे.

दर काढताना २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या छेद म्हणून वापरता यावी यासाठी मी २०१० ते २०१२ या तीन वर्षांचे मृत्यू एकत्र घेतले आहेत. (पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे इथे ठाणे म्हणजे अविभाजित ठाणे.) राज्याची वयरचना प्रमाण मानून केलेले प्रत्यक्ष प्रमाणीकरण (जिल्ह्याचे वयोगटनिहाय दर राज्याच्या वयरचनेला लावून एकच दर काढणे) जिल्हा पातळीवर नीट जमले, घोडे अडले ते तालुक्यांपाशी. सिंधुदुर्गातल्या वैभववाडीसारख्या लहान तालुक्यात एखाद्या वयोगटात तीन वर्षांत ४ मृत्यू असतील, तर पॉयसाँ वितरणानुसार (विरळ घटनांच्या मोजणीचे गणिती प्रारूप) त्या ४ चा ९५ टक्के विश्वासांतराल (खरी सरासरी ज्या मर्यादांत असावी तो पट्टा) सुमारे १.१ ते १०.२ इतका पसरतो, आणि अशा डळमळीत दरांची बेरीज करून काढलेल्या आकड्यावर भरवसा ठेवावासा वाटत नाही.

माझ्या मार्गदर्शकांनी अप्रत्यक्ष पद्धत सुचवली आहे, म्हणजे राज्याचे वयोगटनिहाय दर तालुक्याच्या लोकसंख्येला लावून अपेक्षित मृत्यू काढायचे आणि नोंदलेल्या मृत्यूंना त्या संख्येने भागायचे. परंतु या गुणोत्तरात प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या वयरचनेचे भार येतात. त्यामुळे वैभववाडीची तुलना राज्याशी करता आली, तरी वैभववाडी आणि ठाण्यातले कल्याण यांची गुणोत्तरे शेजारी मांडून क्रम लावणे मला चुकीचे वाटते. वयोगट रुंद करून प्रत्यक्ष पद्धतच ठेवावी, की अप्रत्यक्ष गुणोत्तरांना एम्पिरिकल बेझ पद्धतीने (लहान तालुक्यांची डळमळीत गुणोत्तरे एकूण सरासरीकडे ओढून) स्थिर करावे?

दुसरी शंका नोंदणीची आहे. मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. कुडाळचा रुग्ण गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात दगावला, तर तो सिंधुदुर्गाच्या आकड्यांत येत नाही. निवासस्थानानुसार फेरमांडणी केलेले तक्ते हाती नसतील, तर ही तूट निदान अंदाजाने तरी भरून काढायला आपण काय करता?