गेममधला जुना हिरो दंतकथा व्हावा, की परत मैदानात उतरावा?

शेंगाचटणी (धागाकर्ता):
रविवारी सात रस्त्याला चहाच्या टपरीवर यावरून आमची जुंपली आणि निकाल काही लागला नाही, म्हणून इथं टाकतोय. गेमच्या एका भागात आपण ज्याला खेळवलं, तो पुढच्या एखाद्या भागात कधीकाळचा थोर पुरुष होऊन बसतो. लोक त्याच्या गोष्टी सांगतात, पुतळे उभारतात. माझं मत असं, की जुन्या हिरोला यापेक्षा चांगली निवृत्ती नाही. अट एकच: लोकांना तो अर्धवट आठवला पाहिजे.

'झेल्डा' या गेममालिकेतला 'विंड वेकर' (२००२) घ्या. सुरुवातीला चित्रांतून कथा येते. हिरव्या कपड्यातल्या पोरानं, म्हणजे लिंकनं, राज्य वाचवलं, पुढं तेच संकट परत आलं, लोक त्याची वाट बघत राहिले, तो आलाच नाही आणि राज्य समुद्राखाली गेलं. का आला नाही, ते नवी गोष्ट सुरू होते त्या बेटावर कुणालाच ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे, कारण 'ऑकरिना ऑफ टाइम'च्या (१९९८) शेवटी राजकन्या झेल्डानं त्याला बालपणात परत धाडलेलं आपणच पाहिलंय. त्या सगळ्या पराक्रमाचं बेटावर उरलंय काय, तर पोरगं वयात आलं की त्याला हिरवे कपडे घालायची रीत. आजी कौतुकानं अंगरखा पुढं करते आणि नातवाचं तोंड बघण्यासारखं होतं. हे बघून मला जे वाटलं, ते लिंक स्वतः प्रकट होऊन चार डायलॉग मारून गेला असता तर वाटलं नसतं.

विजापूरवेस_वाला:
तुला गोष्ट आवडली, बरं झालं. पण माझ्या हिरोचं काय बे? झेल्डात तुझा लिंक आणि माझा लिंक एकच, तिथं दंतकथा करणं सोपं आहे. 'डॅगरफॉल' या गेममध्ये (१९९६) ते महाकाय यंत्र कुणाच्या ताब्यात द्यायचं हे खेळणारा ठरवायचा, त्यावर शेवट बदलायचा. पुढच्या भागांत कंपनीनं काय केलं? म्हणे काळच फाटला आणि एकमेकांना छेद देणारे सगळे शेवट एकदमच खरे झाले! रात्र रात्र जागून मी एक बाजू निवडली, ती गेली खड्ड्यात. याला दंतकथा नाही, हात झटकणं म्हणतात.

कंबरतलाव:
विजापूरवेस, चिडू नको बे. मला तर ती पळवाट लई आवडली. इतिहासात गोंधळ असतोच की.
आणि धागाकर्ते, 'पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर'मधला (१९९९) रेड, म्हणजे पहिल्या भागाचा हिरो, विसरलात. सगळे सोळा बॅज झाल्यावर डोंगराच्या टोकावर एकटा उभा असतो. बोलायला जावं तर तीन टिंबं, आणि थेट लढाई. पहिलाच पिकाचू ८१ लेव्हलचा. हरवलं की गायब. दंतकथा पण आणि हजर पण.
निवडीचं म्हणाल तर सुरुवातीला ज्या तिघांतून एक पोकेमॉन निवडायचा असतो, त्यांची मोठी रूपं व्हीनसॉर, चारिझार्ड, ब्लास्टॉइज तिन्ही त्याच्याकडे आहेत. पहिल्या भागात तुम्ही कोणताही घेतलेला असो, तो आहेच. विजापूरवेसच्या तक्रारीवर इतकं साधं उत्तर दुसऱ्या कुणी काढलेलं मी पाहिलं नाही.

जुना_मिलवाला:
मंडळी, मी तुमच्यापेक्षा वयानं बराच मोठा, 'गॉड ऑफ वॉर' सुरुवातीपासून खेळलेला माणूस. माझं मत धागाकर्त्याच्या उलट आहे. २०१८ च्या भागात मालिकेचा हिरो क्रेटॉस नॉर्स मुलखात पोरासोबत राहतो, ग्रीसमधलं मागचं सगळं त्यानं पोरापासून लपवलंय. टायर या नॉर्स युद्धदेवाच्या तिजोरीत एका ग्रीक रांजणावर त्याला स्वतःचंच चित्र दिसतं. रागानं पेटलेला, हातात पाती. दंतकथा त्याच्या आधीच तिथं पोचली आहे आणि त्याला ती नकोय. हिरोला पुतळा करून कोपऱ्यात बसवला असता तर हा प्रसंग मिळाला असता का? स्वतःच्या कीर्तीबरोबर जगायला लावा की त्याला. खरी परीक्षा ती आहे.

शेंगाचटणी:
काका, रांजणाचा प्रसंग भारीच, वाद नाही. पण किती कंपन्यांना ते जमतं? बाकीचे जुना हिरो आणतात तो ट्रेलरमध्ये टाळ्या घ्यायला.
आपल्या गावातलंच बघा. डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले, सोलापूरला परतलेच नाहीत. तिकडं त्यांचे पुतळे आहेत, त्यांचं नावही चिनी झालं, के दिहुआ. इकडं आपल्याला त्यांचं घर आणि चौकटीतला फोटो. दोन्हीकडचा माणूस सारखा नाही, आणि म्हणूनच तो मोठा वाटतो.

विजापूरवेस_वाला:
कोटणीसांना यात ओढू नको. ते खरे होते. रुग्ण तपासता तपासता बत्तिसाव्या वर्षी गेलेला माणूस आणि कंट्रोलरनं पळवलेला माणूस एका ओळीत बसत नाहीत.
आणि अर्धवट आठवणं इतकं गोड असेल तर तुझ्याच झेल्डातला 'ट्वायलाइट प्रिन्सेस' (२००६) बघ. लिंकला तलवारीचे डाव शिकवणारा तो सांगाडा कोण? २०११ च्या 'हायरूल हिस्टोरिया' या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, तोच 'ऑकरिना'चा हिरो. आपली विद्या कुणाला देता आली नाही म्हणून मेल्यावरही तडफडतोय. सांग आता, चांगली निवृत्ती ना?

शेंगाचटणी:
हा मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूनं पडतो. बालपणात परतल्यावर त्या काळरेषेत त्याचा पराक्रम घडलाच नाही, मग आठवणार कोण? मी विसरण्याची बाजू घेत नाहीये. 'विंड वेकर'मध्ये लोक चुकीचं का होईना, पण आठवतात. इथं कुणीच नाही, म्हणून तर सांगाडा.

जुना_मिलवाला:
म्हणजे तुमच्या दंतकथेला निदान एक चुकीचा साक्षीदार हवा. इथवर मान्य. पण सांगाड्याचा प्रसंग भिडतो तो तो स्वतः समोर उभा राहतो म्हणून, हेही लिहा की.

विजापूरवेस_वाला:
काका 👏

कंबरतलाव:
तुम्ही सगळे आधी हिरो, मग दंतकथा असंच धरून चाललाय. 'ड्रॅगन क्वेस्ट'नं उलटं केलं. १९८६ च्या पहिल्या भागात आपण एर्ड्रिकचे वंशज, हा एर्ड्रिक कोण ते फक्त नावानं ठाऊक. मग १९८८ चा तिसरा भाग. आपण आपल्या नावाचा हिरो करतो, सोबती निवडतो, अख्खा गेम खेळतो आणि शेवटी राजा पदवी देतो: एर्ड्रिक. तो आपणच होतो! कुणाची निवड चोरली नाही, जुन्याला उकरून नाचवलं नाही. विजापूरवेस, यात खोट काढून दाखव.

विजापूरवेस_वाला:
काढतो. रविवारपर्यंत वेळ दे, परत एकदा खेळून येतो.