मदत हवी आहे: आरोपीचे हक्क नववीला कसे शिकवू?

मंडळी, मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. काल संविधानातलं कलम २२ घेतलं: अटकेचं कारण सांगायचं, आवडीचा वकील घेऊ द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न, "मॅडम, चोराचे एवढे लाड कशाला?" कसाबलाही सरकारी खर्चाने वकील दिला होता म्हटल्यावर वर्ग आणखीच तापला (उदाहरण चुकलंच माझं). आता सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालावरून, म्हणजे अटक करताना पोलिसांनी पाळायच्या नियमांवरून: अटक पंचनामा, साक्षीदाराची सही, नातेवाइकांना कळवणं, असं नाटुकलं बसवायचं डोक्यात आहे. ३५ मिनिटांच्या तासात मावेल असा प्रसंग कुणी करून पाहिलाय का? पोलीस कोणी व्हायचं यावरूनच भांडणं होतील, तेवढं धरून सुचवा.