संत्र्याच्या गरातून डीएनए: गोळा भरपूर, पण डीपीएला निळा रंग नाही

धंतोली_बायो
बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मृग बहाराची संत्री वापरतोय. ५० ग्रॅम गर, १०० मिली पाणी, ३ ग्रॅम मीठ, १० मिली भांड्यांचं लिक्विड. ६० अंशाला १५ मिनिटं, मग गाळून दुप्पट थंड इथेनॉल. ट्यूब पांढऱ्या लगद्याने भरते, पण डीएनए असला की निळं होणाऱ्या डायफिनाइलअमिनला (डीपीए) रंग ब्लँकसारखाच, म्हणजे डीएनए न घातलेल्या ट्यूबसारखाच. रिएजंट गेलं का?

रेणूभाऊ
आधी रिएजंट तपासा. २०० मायक्रोग्रॅम/मिली सॅल्मन स्पर्म डीएनए १ मिली, रिएजंट २ मिली, उकळत्या पाण्यात १० मिनिटं. तो निळा झाला तर रिएजंटचा दोष नाही.

तुमच्या ट्यूबमध्ये बहुतेक पेक्टिन आहे, म्हणजे पेशीभित्तिकेतलं चिकट पॉलिसॅकराइड (साखरेची लांब साखळी). डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचे ऋण प्रभार, पेक्टिनच्या गॅलेक्ट्युरॉनिक ॲसिडवर कार्बॉक्सिलचे. दोन्ही लांब साखळ्या, दोन्ही पाण्यात फुगतात आणि अल्कोहोल पडलं की खाली येतात. डोळ्यांना फरक कळत नाही. डीपीए मात्र डीएनएतल्या डीऑक्सिरायबोजशी बोलतं, ती साखर पेक्टिनमध्ये नाहीच.

त्यात संत्र्याच्या रसपेशी म्हणजे जवळपास नुसती रसाने भरलेली रिक्तिका (पेशीतली पिशवी), केंद्रक नावापुरतं. शिवाय आंबट रसात ६० अंशाला डीएनएतले प्युरिन (ए आणि जी ही अक्षरं) गळतात आणि साखळी तुटते. म्हणजे जो थोडा डीएनए होता, त्याचेही तुकडे.

सीताबर्डी_लॅब
ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारं रसायन) घाला ना, डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) बंद पडेल.

रेणूभाऊ
पडेल, मॅग्नेशियम काढून घेतो म्हणून. पण कॅल्शियमही काढतो, आणि पेक्टिनच्या साखळ्या कॅल्शियमनेच बांधलेल्या असतात. गरात ईडीटीए म्हणजे पेक्टिनला आणखी मोकळी वाट.

सीटॅब_वापरा
संत्र्याचाच हट्ट असेल तर गर सोडा, कोवळी पानं घ्या. १०० मिलिग्रॅम पान, १ मिली बफर: २% सीटॅब (एक डिटर्जंट), १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८. ६५ अंशाला ३० मिनिटं. मग तितकंच क्लोरोफॉर्म-आयसोअमिल (२४:१), सेंट्रिफ्यूज, वरचा थर, त्यात ०.६ पट आयसोप्रोपॅनॉल. मीठ १ मोलरच्या वर असल्यावर पॉलिसॅकराइड बरंचसं द्रावातच राहतं, डीएनए खाली बसतो. म्हणून अल्कोहोलआधी पाणी घालून पातळ करू नका. मीठ फार उतरलं तर सीटॅबच डीएनएला धरून बसतं. शेवटी ७०% इथेनॉलने धुवा, नाहीतर सीटॅब सोबत येतं. २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) २ च्या आसपास हवं, फार खाली असेल तर पॉलिसॅकराइड उरलंय असं धरा.

धंतोली_बायो
सीटॅबही नाही, क्लोरोफॉर्मसाठी फ्यूम हूडही (वाफ ओढणारं कपाट) नाही. दुसरं काही?

रेणूभाऊ
फुलकोबी. फक्त वरचा बारीक चुरा, २० ग्रॅम. तिथल्या पेशी लहान, केंद्रक मोठं, आणि आंबटपणाचा प्रश्न नाही. देठ घेतला तर पुन्हा तंतू आणि पाणीच. बर्फात ठेवलेल्या खलात वाटा, मार्चच्या नागपुरात खलच तापलेला असतो. लिक्विड, मीठ तुमचंच, प्रमाण अर्धं. ६० अंशाला १० मिनिटं पुरे, लगेच बर्फात. अल्कोहोल ट्यूबच्या कडेने सोडा, हलवू नका. धागे काचकांडीवर गुंडाळून २ मिली सलाइन सायट्रेटमध्ये विरघळवा, मग डीपीए. ५० मायक्रोग्रॅम/मिलीच्या खाली रंग नीट वाचता येत नाही, तेव्हा जास्त पातळ करू नका.

आणि रिएजंटची बाटली तपकिरी घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. ते ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये बनवलेलं असतं, आणि ते ॲसिड १६.६ अंशालाच गोठतं.